कीपॅडवर उरलेल्या आठ टिकल्या

नोकरीतले बरेच गुन्हे मी विसरलो. हा एक विसरता येत नाही, आणि त्यातला चोर आठवायच्या आधी मला भिंतीवरचं एक कीपॅड आठवतं. तळहाताएवढं, पांढरं, बारा बटणांचं. या लिखाणात मी कुणाचंही नाव घेणार नाही. घ्यायचंच झालं तर सगळ्यात आधी माझं घ्यावं लागेल.

मी वाळूजच्या औद्योगिक भागातल्या एका ठाण्याचा निरीक्षक होतो. माझ्या हाताखाली एक महिला उपनिरीक्षक आली. देवगाव रंगारीकडच्या शेतकऱ्याची मुलगी. मोबाइल, कॅमेरे, सिम कार्ड यातलं तिला जे कळायचं ते ठाण्यात कुणालाच कळत नव्हतं. उपायुक्त साहेबांनी गुन्हे बैठकीत तिला दोनदा उभं करून शाबासकी दिली. मी टाळ्या वाजवल्या. घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "आज चेहरा असा का?" मी म्हणालो, डोकं दुखतंय.

तेव्हा ते मला कबूल नव्हतं, आज आहे. मी त्या मुलीवर जळत होतो.

एक दिवस एक कारखानदार ठाण्यात आला. साचे बनवायचं छोटं वर्कशॉप, आठ कामगार. साचे कोरणाऱ्या स्पार्क मशीनला लागणाऱ्या तांब्याचा साठा कायम आत असायचा. एजन्सी नेमण्यापेक्षा यानं व्हिडिओ बघून स्वतःच अलार्म बसवला होता. दाराचे सेन्सर, भोंगा, मोबाइलवर येणारे संदेश, सगळं झालं होतं. अडलं होतं फक्त कीपॅडवर. कोणतं घ्यावं, हे विचारायला तो आला आणि माझ्या केबिनवरून पुढं जाऊन थेट उपनिरीक्षक मॅडमच्या टेबलाशी बसला. ते मला लागलं.

मी बाहेर येऊन उभा राहिलो. मॅडम त्याच्या मोबाइलवर दोन चित्रं दाखवत होत्या.

"हे साधं आहे. सगळ्यांना एकच कोड. अलार्म बंद झाला एवढंच कळेल, कुणी केला ते नाही. चुकीचा कोड कितीही वेळा दाबला तरी हे गप्प. हे दुसरं घ्या. प्रत्येकाला वेगळा कोड, नाहीतर कीपॅडला टेकवायचा वेगळा बिल्ला, म्हणजे टॅग. कुणी बंद केला त्याचं नावच मोबाइलवर येतं. पाच वेळा चुकलं की लॉक. आणि लावा शटरच्या आत. आत गेल्यावर कोड टाकायला अर्धं मिनिट मिळतं."

हवालदार, मदतनीस अंमलदार, सगळे मान वळवून ऐकत होते. मी म्हणालो, "वर्कशॉप आहे का बँक? आठ माणसांना आठ कोड देऊन काय करणार? साधं घ्या. बाहेर लावा, म्हणजे शटर उघडायच्या आधीच बंद करता येईल."

मॅडम हळू म्हणाल्या, "सर, बाहेर लावलं तर..."

"मी तीस वर्षं चोर बघतोय, मॅडम."

कारखानदारानं माझ्या खांद्यावरच्या ताऱ्यांकडं बघितलं आणि साधं कीपॅड घेतलं. शटरच्या बाहेर लावलं.

खंडेनवमीला सगळ्या गल्लीत मशीनची पूजा झाली. दसऱ्याला सुट्टी. दुसऱ्या दिवशी सकाळी मालकानं येऊन पाहिलं तर कुलूप कापलेलं आणि तांबं गायब. भोंगा वाजलाच नव्हता. दसऱ्याला दुपारी मालक गावी असताना मोबाइलवर संदेश आला होता, 'कीपॅडवरून अलार्म बंद'. त्याला वाटलं, चाचा आले असतील.

चाचा म्हणजे त्याचे फिटर. बजाजनगरात राहणारे, पन्नाशी उलटलेले, वर्कशॉप उघडलं त्या दिवसापासूनचे. कोड तिघांनाच माहीत होता. मालक, त्याची बायको आणि, भोंगा उगाच वाजला तर येऊन बंद करायला, चाचा. किल्ली मात्र मालकाकडंच असायची. पूजेच्या दिवशी त्यानं सगळ्यांसमोर जाहीर केलं होतं, "दिवाळीपासून किल्लीबी चाचांकडं." चाचांनी त्या दिवशी पेढे स्वतःच्या हातानं वाटले होते.

त्यात खबऱ्याचा फोन आला, फिटर दसऱ्याला दुपारी त्याच गल्लीत दिसला. माझा हिशेब तयार झाला. कोड आहे, किल्ली नाही. म्हणून कोड दाबला आणि कुलूप कापलं. फार नीटनेटकं उत्तर होतं. मला माझंच कौतुक वाटलं.

चाचांना चौकशीला बोलावलं. अटक नाही. सकाळी बोलवायचं, बाकावर बसवायचं, संध्याकाळी सोडायचं.

"दसऱ्याला गल्लीत काय करत होता?"

"सोनं द्यायला गेलतो, साब. दरसाल जातो. वॉचमन लोकांना आपट्याची पानं देतो. ईदला ते माझ्याकडं शीरखुर्म्याला येतात. इतकंच."

"तुम्ही सोनं वाटता?"

"व्हय. का, मना है क्या?"

बाकीचे हसले. चाचा हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम माझ्या केबिनमध्ये आल्या. टेबलावर पंचनाम्यातला एक फोटो ठेवला, मोठा करून छापलेला. कीपॅडचा.

मालकाच्या बायकोनं पूजेच्या दिवशी लेथला लावलं तसं कीपॅडलाही ओलं कुंकू लावलं होतं, हेपण मशीनच की म्हणून. घरच्या बाईचा हात नेटका. प्रत्येक बटणावर एक, अशा बारा टिकल्या. त्यानंतर मालकानं शटर ओढलं आणि कोड दाबला. फोटोत आठ टिकल्या जशाच्या तशा होत्या. चार बटणं पुसलेली होती.

"सर, कोड रस्त्यावरून वाचता येत होता. चार आकडे, चोवीस जुळण्या. चाचांना हे करायची गरजच नाही. पूजेनंतर तिथं कोण थांबलं ते बघू या."

मला एका क्षणात पटलं. पंचनाम्याला मी स्वतः त्या कीपॅडसमोर उभा होतो. कुंकू दिसलं म्हणून हातही जोडले होते.

मी म्हणालो, "बघतो," आणि फोटो ड्रॉवरमध्ये टाकला.

तो दिवसभर तिथंच राहिला. हे लिहायला मला इतकी वर्षं लागली. फोटो बाहेर काढला असता तर शोध तिचा ठरला असता आणि कीपॅड बाहेर लावायला सांगणारा मी ठरलो असतो. दोन दिवसांवर उपायुक्तांची बैठक होती. तिथं मलाच उभं राहायचं होतं. संध्याकाळी चाचांना सोडताना सांगितलं, उद्या पुन्हा या.

तिसऱ्या दिवशी ते आले. मालकालाही मी बोलावलं होतं, कागदांवर त्याची एक सही राहिली होती. तो बाकावर चाचांशेजारी बसला, खाली बघत म्हणाला, "चाचा, झालं असंल तुमच्या हातून, तर देऊन टाका. मी तक्रार मागं घेतो. घरातलं घरात."

चाचांनी त्याच्याकडं बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "मालक, मेरे टूल्स का डब्बा अलग रखवा देना."

त्या दुपारी मी माणसं पाठवली, जणू मलाच सुचलं होतं. पूजेनंतर गल्लीत एकच वाहन उभं होतं, पाचोडच्या एका टेम्पोवाल्याचं. हार घालून तिथंच ठेवलेला टेम्पो न्यायला तो दसऱ्याला आला होता. तांबं त्याच्या गोठ्यात कडब्याखाली सापडलं. त्याला फार विचारावंही लागलं नाही.

"लई डोकं नाय लावलं, साहेब. चारच बटनं पुसलेली व्हती. दाबत गेलो. अकराव्या-बाराव्या खेपंला हिरवा दिवा लागला. मग म्हनलं, आता कुलपाचं काय एवढं."

बैठकीत मी ती चार बटणं फळ्यावर काढून दाखवली. उपायुक्त साहेब म्हणाले, "याला म्हणतात नजर." मॅडम मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्यांनी टाळ्या वाजवल्या, अगदी मी वाजवायचो तशाच. पुढं प्रशस्तिपत्रक आलं. त्यावर माझं नाव आहे आणि खाली 'व पथक'.

मुदतीआधीच मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. कागदावर कारण गुडघ्याचं आहे. गेल्या महिन्यात मॅडमच्या बढतीची बातमी वाचली आणि तीच जुनी आग पुन्हा पेटली. निवृत्तीनं ती विझत नाही, हे तेव्हा कळलं. मग मी फोन केला आणि सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "सर, मला माहीत होतं. फोटोच्या मागं मी वेळ लिहिली होती. तुम्ही उलटून नाही बघितला?"

फोटो माझ्याकडंच होता. उलटला. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'स. ९.४०', तारीख आणि सही. चाचांना अखेरचं सोडल्याची स्टेशन डायरीतली नोंद त्याच्या दुसऱ्या दिवशीची, सायंकाळची आहे. मधलं अंतर माझं आहे. ते कुठल्याच डायरीत नाही. ज्याला त्याला वेगळा कोड द्या, असं ती सांगत होती तेव्हा मला तो कामगारांवरचा संशय वाटला होता. ती तर निर्दोष माणसाची सोय सांगत होती. सगळ्यांचा कोड एक असला की करणारा लपतो आणि न करणारा अडकतो. शोध तिचा होता, हे 'व पथक' या दोन शब्दांत मीही तसंच लपवलं.

परवा त्या वर्कशॉपवर गेलो. चाचांना मालकानं दोनदा किल्ली नेऊन दिली, त्यांनी घेतली नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणाकडं तरी काम करतात. त्यांच्या दारात जायची हिंमत मला अजून झालेली नाही. ती करायची आहे.

नवं कीपॅड आता शटरच्या आत आहे. शेजारी खिळ्यांवर कामावर आलेल्यांनी आपापले टॅग टांगलेले, प्रत्येकावर पेननं नाव. एक टॅग कोरा करकरीत, कधी वापरलाच नाही असा. त्यावर लिहिलंय, 'चाचा'.

"हा काढला नाही?" मी विचारलं.

मालक खिशातला मोबाइल चाचपत म्हणाला, "रोज सकाळी हा वाजला की बघतो, साहेब, कुणी उघडलं. एकदा त्यांचं नाव यावं वाटतंय."