मायाक्काची शेवंती

मायाक्काचा राग गिरणीच्या भोंग्यासारखा होता. वेळ झाली की वाजायचाच, आणि साऱ्या चाळीला ऐकू जायचा. सोलापुरातला तीस सालचा मार्शल लॉ उठून दोन-तीन वर्षं झाली असतील. ती आणि तिचा नवरा सिद्धाप्पा दोघंही गिरणीत कामाला होती. कामगारांवरच्या जॉबरपासून नळावरच्या बायकांपर्यंत कुणी तिच्या वाटेला जात नसे. भांडकुदळ म्हणून सगळे नावं ठेवायचे. हा राग तिच्यात आला कुठून, हे मात्र एकानंही कधी विचारलं नाही. लोकांना नावं ठेवायला वेळ असतो, विचारायला नसतो.

ती धनगराची लेक. शेतकरी धनगरांना बोलावून आपल्या रानात रात्री मेंढ्या बसवून घेतात. लेंड्या पडतात, जमिनीला खत होतं. त्याबद्दल धनगराला चार पायल्या धान्य मिळतं आणि तो पुढच्या रानाला लागतो. मायाक्काचं सारं लहानपण असं दुसऱ्यांच्या जमिनींना खत घालत गेलं. त्यातून काय उगवलं, ते बघायला काही तिचा बाप थांबत नसे.

एकदा मात्र मोहोळजवळून जाताना ती आणि तिचा थोरला भाऊ बिरप्पा वाट वाकडी करून अशाच एका रानाच्या बांधावर गेले. मागल्या साली त्यांच्याच मेंढ्या तिथं बसल्या होत्या. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती. पोरीनं हरखून कणसाला हात लावला, तोच मालक काठी उगारत धावून आला.

"ए धनगरांनो, पिकाला नजर लावता काय? व्हा मागं!"

बिरप्पानं हात जोडले. "चुकलं मालक," म्हणाला आणि बहिणीला ओढत निघाला. मालकाचा राग तिला आलाच, पण हात जोडणाऱ्या भावाचा जास्त आला. चूक काय होती आपली? लग्न झालं, मेंढरं सुटली, गिरणी आली, तरी तो राग पोटात होता तसाच राहिला.

चाळीत तिची खोली टोकाची. दारासमोर मुरमाड जागेचा एक तुकडा होता. लोक तिथं राख टाकत. एका उन्हाळ्यात मायाक्कानं पदर खोचला, राख उपसली, कुदळीनं मुरूम फोडला आणि ओढ्याकाठची काळी माती डोक्यावरून वाहून आणली. नव्या पेठेत हार विकणाऱ्या दगडाबाईकडून शेवंतीचे कोंब आणून पावसाळ्याच्या तोंडावर लावले. भांडी विसळलेलं पाणी तेवढं त्यांना मिळायचं.

शेजारची सोजरबाई उंबऱ्यात बसून खदखदून हसली. "मेंढक्याची पोर आन फुलांची बाग! तुमच्या शेरडांनी फुलं खाल्ल्याली ऐकलंय बाई, लावल्याली न्हाई ऐकली."

"तुज्या तोंडात खत घाल," मायाक्का म्हणाली, "काय उगवतंय ते बग."

तिला फुलं विकायची नव्हती. माळायची हौसही नव्हती. आपण लावलेलं आपल्या डोळ्यांदेखत फुलावं, आणि फुलेपर्यंत आपल्याला तिथून कुणी हुसकू नये, एवढंच तिला हवं होतं. दिवाळीआधी शेवंतीला कळ्या धरल्या. बारीक, हिरव्या, घट्ट मिटलेल्या. कामावर निघताना ती त्यांना दम देऊन जायची, "मी आल्याबिगर उमलू नगासा."

भाऊबीजेला गिरणी अर्धा दिवस होती. दुपारी ती परतली आणि चाळीच्या तोंडाशीच तिला मेंढरांचा वास आला.

दारासमोर वाघर लावलेली होती, धनगर लावतात ती जाळी. जाळीत वीसेक मेंढ्या दाटीवाटीनं निवांत रवंथ करत बसल्या होत्या. हिरवं म्हणून काही शिल्लक नव्हतं. जाळीबाहेर नवं मुंडासं बांधून बिरप्पा हसत उभा होता.

"माये, बाजारात कळलं, तू दारात जमीन केलीस म्हून. म्हनलं, लोकांच्या रानात जल्मभर मेंढरं बसवली, भनीच्या रानात एकदा तरी बसवावी. निवडून आनल्यात. ही माजी ववाळणी!"

मायाक्काच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

"आंदळा हायस का? शेवंती हुती तितं! कळ्या हुत्या!"

"मला काय ठावं? फूल न्हाई, कनीस न्हाई. तण वाटलं, म्हून चरू दिलं आदी."

"तण वाटलं! तुला तणच वाटनार. उगवल्यालं कवा बगितलंयस तू? कुनी काटी उगारली की हात जोडायचं, मेंढरं उटवायची आन चालू लागायचं. मोहोळात माजा हात धरून वडत न्हेलास, व्हय का न्हाई?"

"झालं ते झालं गं. चुकलं माजं," असं म्हणून बिरप्पानं हात जोडले.

झालं! त्या जोडलेल्या हातांनी तिचं उरलंसुरलं भानही गेलं. तिनं वाघरीच्या खुंट्या उपसून फेकल्या.

"न्हाई ववाळनार तुला. फुडल्या बिजंला मेंढरं टाकून एकला ये. न्हाईतर येऊच नगंस."

सोजरबाई हसत होती ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी मायाक्कानं फावडं घेतलं. लेंड्यांचा थर खरवडून सोजरबाईच्याच दारात टाकायचा, असं तिनं ठरवलं होतं. पण खत टाकून देणं तिच्या हातांना येतच नव्हतं. शिव्या देत देत तिनं ते सगळं मातीत कालवलं. मुळं जिवंत होती. वर्षभर ती भावाला शिव्या घालत होती आणि शेवंती वाढत होती.

पुढल्या भाऊबीजेला बिरप्पा कळप माळावर सोबत्याच्या हवाली करून एकटा आला. चाळीच्या तोंडाशी त्याचे पाय थबकले. टोकाच्या खोलीचा उंबरा दिसत नव्हता. पिवळी शेवंती कमरेला लागेल एवढी माजली होती, फुलांच्या भारानं वाकून वाटेवर आली होती. त्यानं वहाणा काढल्या आणि कडेला उकिडवा बसला.

मायाक्का दारात उभी होती. वर्षभराचं साठवलेलं बोलायला तोंड उघडणार, तोच त्यानं मान वर न करता विचारलं, "हे... आपल्या लेंड्यांचं?"

"व्हय. आपल्याच."

त्यानं एका फुलाला बोट लावलं.

"म्हंजे माये, आपुन जितं जितं मेंढरं बसवली, तितं समदीकडं मागनं असंच येत आसंल?"

"असंच येतं, दादा. आपल्याला बगू दिलं न्हाई कुनी."

बिरप्पानं मान वर केली. त्याचे डोळे लाल झाले होते. जन्मात ज्याचा आवाज कधी चढला नव्हता, त्या बिरप्पानं मोहोळच्या त्या मालकाला आईबापावरून अशी कचकचीत शिवी हासडली, की सोजरबाई दार लावून आत गेली.

मायाक्का घरात गेली आणि ओवाळणीचं ताट घेऊन आली.