नव्या रंगाखालचं लोखंड

बरीच वर्षं मी दुसऱ्याच्या मालकीची फ्लॅटबेड चालवली. फ्लॅटबेड म्हणजे बंद पडलेल्या मोटारी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक. त्याचा मागचा सपाट बेड सरकून कलतो, जमिनीला टेकतो, आणि विंचची तार मोटार वर ओढून घेते. तारकर्लीच्या वाळूत रुतलेल्या पर्यटकांच्या गाड्या, घाटात उकळलेली इंजिनं, हायवेवर ठोकलेल्या मोटारी, सगळं वाहून झालं. मालकाने धंदा आवरला तेव्हा ठरवलं की आता कुणाकडे नोकरी नाही. गाडी स्वतःची घ्यायची आणि स्वतःच चालवायची.

या कामात माणूस सहजासहजी कुणावर विश्वास ठेवत नाही. "आपोआप बंद पडली हो" म्हणणारा मुंबईपासून तेल न बघता आलेला असतो. "फक्त बंपरला लागलंय" म्हणतो त्याची चासी वाकलेली असते. आयुष्यभर लोकांचं असं ऐकत आलो, म्हणून स्वतःची गाडी निवडताना मी प्रत्येकाकडे तिरक्या नजरेने बघत होतो.

आधी घाट चढून कोल्हापूरकडच्या एका बॉडी बांधणाऱ्याकडे गेलो. तो मला दोन मजली गाडी गळ्यात मारायला बघत होता. "एका फेरीत दोन मोटारी, शेठ!" माझ्या डोळ्यांसमोर देवबागचा रस्ता आला. दोन्ही बाजूंना चिऱ्यांची गडगी, म्हणजे कुंपणाच्या भिंती, आणि समोरून रिक्षा आली तरी एकाने मागे जायचं. तिथे हे धूड वळवणार कुठे? मी त्याला बेडच्या पत्र्याची जाडी विचारली. त्याने चहा मागवला. पुन्हा विचारलं, तर मोबाइलवर दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या गाडीचे फोटो दाखवायला लागला. चहा पिऊन मी घाट उतरलो.

मग बायकोच्या भावाने बातमी आणली. "भावजी, आचऱ्याकडे एक गाडी आसा. एकहाती वापरलेली. झटपट घेवा." किंमत ऐकली आणि मनात पाल चुकचुकली. इतक्या कमीत चालती गाडी कोण देतो? आणि या मेव्हण्याला एवढी घाई कसली? कधी नव्हे तो मला न्यायला स्वतःची मोटार काढून आला होता.

नारळाच्या बागेत ख्रिस्ती कुटुंबाचं कौलारू घर होतं. मालक साठी ओलांडलेला, उंच, इस्त्रीचा शर्ट घातलेला. ओळख करून देताना मी हात पुढे केला. त्याने तो घेतलाच नाही. नुसता माझ्या खांद्यापलीकडे बघत म्हणाला, "गाडी थय आसा. बघ."

गाडी फणसाखाली उभी होती. वरपासून खालपर्यंत नवाकोरा निळा रंग. मी वाकून बघितलं, तर चासीच्या पोटालाही रंग! ट्रकच्या पोटाला कोण कशाला रंग मारील? ज्याला काही झाकायचं असेल तोच.

"इतको रंग कित्याक मारलास?" मी विचारलं.

"बरी दिसूक व्हयी म्हणान."

"आणि विकतास कित्याक?"

त्याने तोंड घराकडे वळवलं. दारात त्याची बायको उभी होती, ती तिथूनच म्हणाली, "तुका गाडी व्हयी काय आमची कर्मकथा व्हयी?"

बाईचा सूर मला आवडला नाही. ती दारातून हलत नव्हती. मी काही विचारलं की नवऱ्याआधी तीच उत्तर द्यायची. तो गाडीला हात लावून बाजूबाजूने चालत होता, जणू मी कुठे बघू नये ते हाताने झाकत होता. आपली गाडी विकणारा माणूस तिचं चार शब्दांनी कौतुक करतो. याने तेही केलं नाही.

घरी येऊन मी बायकोला म्हटलं, "त्या गाडयेचो खंयतरी मोठो अपघात झालेलो आसतलो. तुझ्या भावाक म्हायती आसा आणि तो बोलणा नाय. तेका थयसून कायतरी गावणार आसतला."

ती भाकरी थापत होती. हात थांबले. "माझ्या भावाचो संशय घेतास? मग जाव नकात."

पण मी गेलोच. या खेपेला हातोडी घेऊन गेलो. मेव्हण्याची मोटार बेडवर चढवून बघायची असं ठरलं. मालक बेड उचलणाऱ्या पंपाच्या नळीजवळ कान देऊन उभा राहिला. मी लिव्हर ओढला, बेड सरकून खाली टेकला, विंच फिरली, मोटार सरळ वर आली. कुठे झटका नाही, तेलाचा थेंब गळला नाही. म्हटलं, पंप बरा आहे, तार बरी आहे, तर मग खोट लोखंडात असणार. मोटार उतरवली आणि गाडीखाली शिरलो.

बेडखालच्या आडव्या चॅनलवर, म्हणजे बेडचं वजन पेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर, हातोडी मारत गेलो. ठण्, ठण्, ठण्. मागच्या चाकांच्या वर आलो आणि आवाज बदलला. थप. जोरात मारली तशी पुट्टीची खपली माझ्या छातीवर पडली. आत लोखंड नव्हतंच, चॉकलेटी भुगा होता. खाऱ्या वाऱ्याने आणि वाळूने पोखरलेलं, वरून पुट्टी भरून रंग दिलेला.

मी ओरडलो, "हेच्यासाठी रंग मारलास? लोकांची मोटार वरसून खाली इली असती तर?"

"काय झाला? खंय?" तो वाकून आत आला.

"हय! दिसणा नाय?"

त्याने हात लांब केला, पण भलतीकडे. चाचपडत पुढच्या चॅनलवर गेला. मला वाटलं, आता वेड पांघरतोय.

तेवढ्यात त्याची बायको धावत अंगणात आली. "तेका दिसणा नाय रे! खरांच दिसणा नाय! साखरेन डोळे गेले."

मी तसाच पडून राहिलो. पण इतक्या दिवसांचा संशय असा एका वाक्याने जात नाही. हेही नाटक नसेल कशावरून? मी आवाज न करता हातभर बाजूला सरकलो. तो मी आधी होतो त्या जागेकडे तोंड करून बोलत राहिला. "रंगवाल्यान सांगितल्यान, चासी नव्यासारखी आसा म्हणान. मी हात फिरवलंय. गुळगुळीत लागली."

तेव्हा मी त्याचा हात धरला आणि त्या भोकावर ठेवला. त्याची बोटं कडेवरून फिरली, आत गेली, भुगा घेऊन बाहेर आली. तो खाली मातीतच बसला. इस्त्रीचा शर्ट मातीने भरला. बोटांवरचा भुगा चोळत म्हणाला, "ही गाडी घेव नको. कोणाकच देवची नाय आता."

मग तो आपणहून सांगायला लागला. घाटात एकदा समोरची एसटी त्याला अगदी जवळ येईपर्यंत दिसली नव्हती. कुणाला काही झालं नाही, पण घरी येऊन त्याने चावी बायकोच्या हातात दिली. डोळ्यांचं कुणाला कळू दिलं नाही, कारण कळलं तर दलाल लुटतील. माझ्याआधी दोघे असेच येऊन किंमत पाडून गेले होते. मीही त्यांच्यातलाच, असं ती बाई धरून चालली होती.

आठवडाभर मी विचार केला. इंजिन बरं, पंप बरा, आकार आपल्या रस्त्यांना बेतशीर. कुजलं होतं ते लोखंड, आणि लोखंड बदलता येतं. मी निरोप पाठवला की मी सांगेन त्या कुडाळच्या वेल्डरकडे, माझ्या डोळ्यांदेखत सगळी पुट्टी खरवडायची आणि कुजकी चॅनल कापून नवी घालायची. तरच घेईन. त्याचं उत्तर आलं, "चलात. पण मी पण थय बसतलंय."

तसे आम्ही दोघे वेल्डरच्या शेडमध्ये बसलो. मी डोळे लावून, तो कान लावून. तीन चॅनल गेली, त्यांतली दोन त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक नसलेली. सांधे निवले की तो उठायचा आणि बोटांनी प्रत्येक सांधा तपासायचा. वेल्डर वैतागून म्हणाला, "तुमचो दोघांचोय माझ्यार विश्वास नाय?"

"नाय," आम्ही एकदमच म्हणालो. मालक मोठ्याने हसला. त्याला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

गाडी माझ्या नावावर झाली. तारकर्ली, देवबाग, ओरोस, सावंतवाडी, सगळीकडे ती आता माझ्या हाताखाली फिरते. मेव्हण्याला या व्यवहारात काही मिळालं का, ते मला आजही माहीत नाही. पुढे थोड्याच दिवसांत त्याच्या हातात नवा मोबाइल आला. मी बायकोकडे बघितलं. ती म्हणाली, "तोंड उघडू नकात." मी उघडलं नाही.

आचऱ्याकडचं काम निघालं की मी त्या बागेत थांबतो. म्हातारा गाडीच्या आवाजावरून ओळखतो, बेड वर-खाली करायला लावतो, आणि पंपाला तेल बदलायची वेळ झाली असेल तर सांगतो. त्याची बायको पाण्याचा तांब्या अंगणात आणून देते. आत ये असं तिने अजून एकदाही म्हटलेलं नाही. मी तिच्या नवऱ्यावर ओरडलो होतो, ते ती विसरलेली नाही, आणि विसरेल असं मला वाटतही नाही.