तीनचाकीचं भाडं

अपंगांच्या हातात पैसे द्यायचे नाहीत, वस्तू द्यायच्या, हे शहाणपण आमच्या महापालिकेला कुणी शिकवलं कोण जाणे. नव्वदच्या दशकात तिथल्या एका साहेबाची खात्री होती की गरिबाला रोख रक्कम दिली की ती दारूच्या दुकानात जाते. माझ्या आत्याला न्हाणीपर्यंत जाता येत नव्हतं, दारूचं दुकान तर फारच लांब.

लकव्यानं तिची उजवी बाजू गेली होती. नवरा वारल्यापासून ती जुन्या हुबळीत आमच्याकडे, म्हणजे भावाच्या, माझ्या अप्पांच्या, घरी होती. तिला आंघोळ आई घालायची. आई वाईट नव्हती, पण स्वयंपाक आणि नळाचं पाणी यांच्यामागे धावणारी बाई दुसऱ्याच्या अंगावर पाणी ओतते ते उरकण्यासाठीच. कधी कढत, कधी गार. केसांत साबण तसाच राहायचा. आत्या चकार शब्द काढायची नाही.

अप्पा तिला रिक्षातून महापालिकेत घेऊन गेले तेव्हा मी बरोबर होते. मी धारवाडच्या कॉलेजात शिकत होते, चार कागद वाचून दाखवायला उपयोगी पडेन म्हणून. साहेबानं वर न बघताच सांगितलं, तीनचाकी सायकल मंजूर होईल. दोन्ही हातांनी चालवायची सायकल!

"सायकल नको हो साहेब," आत्या म्हणाली. "मी चालवणार कशी? तेवढेच पैसे महिन्याच्या महिन्याला द्या. आंघोळीला एक बाई लावतो."

"रोख नाही री अक्का. रूल इल्ल, नियमातच नाही." साहेब हसला. त्याचं ते हसू अजून माझ्या डोक्यात जातं.

मग समारंभ झाला. चौघांनी उचलून आत्याला सायकलवर बसवलं आणि नगरसेवकानं हार घातला तो सायकलला. फोटो निघाला. मागच्या पत्र्यावर त्या नगरसेवकाचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत रंगवलेलं, की सायकल त्यालाच मिळाली असं वाटावं. घरी आणली तर ती आमच्या बोळातून आत येईना. बाहेरच ठेवावी लागली.

कोपऱ्यावर एक केळीवाला बसायचा. एक पाय पोलिओनं गेलेला, पण दंड पैलवानासारखे. त्यानंही अर्ज केला होता. त्याचं रेशनकार्ड अळणावरकडच्या खेड्यातलं, म्हणून फेटाळला गेला. जो चालवू शकत होता त्याला दिली नाही, जी चालवू शकत नव्हती तिच्या गळ्यात मारली. आत्यानं त्याला बोलावून घेतलं आणि सायकल भाड्यानं दिली. त्या भाड्यातून गल्लीतली एक बाई लावली.

पहिल्याच दिवशी न्हाणीतून आत्याचा आवाज आला, "गार हाय ग, कढत घाल. आता पाठ. जरा जोरात की!" आम्ही सगळे चकित. आई मात्र दुखावली.

"इतकी वर्षं मला कधी बोलला नाहीत, वन्सं."

"तुला कुठल्या तोंडानं सांगू? तू उपकार करतीस," आत्या म्हणाली. "तिला मी पैसे देतो."

त्या वर्षात आत्या अंगानंही भरली आणि तोंडानंही फटकळ झाली. मला फार आवडायची तशी.

एकदा तो नगरसेवक कोपऱ्यावरून चालला होता. केळ्यांच्या घडांखाली स्वतःचं नाव बघून त्याचं पित्त खवळलं. दुसऱ्या दिवशी साहेब दोन माणसं घेऊन हजर. केळी रस्त्यावर उतरवली आणि सायकल टेम्पोत चढवली. सरकारी वस्तूचा दुरुपयोग म्हणे. अप्पांनी खाट दारापर्यंत ओढून आणली, आत्यानं झोपल्या झोपल्या दारात आलेल्या साहेबाला सगळं समजावून सांगितलं.

"घरात बायका आहेत की," तो म्हणाला. "आंघोळ घालायला पैसे कशाला लागतात?"

एवढी अक्कल असलेल्या माणसाला सरकार पगार देत होतं, आणि तो मात्र रोख. पुढे बरीच वर्षं ती सायकल महापालिकेच्या आवारात गंजत पडलेली मी येता-जाता बघायची. केळीवाला पुन्हा जमिनीवर बसायला लागला. भाडं थांबलं, बाईही थांबली.

आई पुन्हा आंघोळ घालायला लागली. आता मात्र ती जपून घालायची, दर तांब्याला विचारायची. एका सकाळी मी टॉवेल घेऊन न्हाणीच्या दारात उभी होते.

"वन्सं, पाणी बरं आहे ना?"

"बरं हाय की."

मी बादलीत हात घालून बघितला. पाणी गार होतं.