चाळणीच्या वरचा चहा

“चाळणदादा, तुमचा चहा वाईट नव्हता, माझी अक्कल कमी पडली.” एवढं लिहून बाईंनी पेन खाली ठेवलं.

समोरच्या घरातले हे दादा चौतीस वर्षं चहाच्या कारखान्यात चाळणीवर होते. गोऱ्या साहेबांनी घालून दिलेली रीत साहेब गेल्यावरही तशीच राहिली: वर उरलेली पानं जहाजानं परदेशी, खाली पडलेली भुकटी आपल्याला. निवृत्तीच्या दिवशी त्यांना वरच्या चहाची एक पुडी मिळाली. ती घेऊन ते थेट बाईंकडे आले.

“बाई, जन्म गेला हा चाळण्यात, पण चव ठाऊक नाही. तुम्ही शिकलेल्या. कसा आहे तेवढं सांगा.”

परक्या राजवटीनं आपल्याला कसं लुबाडलं, हे बाईंनी कॉलेजात तीस वर्षं घसा फोडून शिकवलं होतं. त्यांनी ती पानं दूध-साखर घालून भुकटीसारखी खळखळा उकळली आणि पहिल्याच घोटाला निकाल दिला, “पाणचट आहे हो.”

दादांनीही घोट घेतला. “म्हणजे चौतीस वर्षं पाणीच चाळलं म्हणायचं,” म्हणत त्यांनी चपला घातल्या. पुडी तिथंच राहिली.

महिन्याभरानं भाचीनं त्याच पुडीतली पानं नुसत्या गरम पाण्यात मुरवून दिली. बाईंनी कप शेवटच्या थेंबापर्यंत संपवला आणि आणखी एक मागितला. लुबाडणुकीवर व्याख्यानं झोडणारी त्यांची जीभ भुकटीवरच पोसलेली निघाली.

दादांना बोलावून तो चहा पाजायचा होता. त्यांचं दार वीस पावलांवर. पण प्राध्यापकबाईंनी चूक कबूल करायची, तर आधी मुद्देसूद पत्र नको का? ते जमेपर्यंत दादा लेकाकडे कायमचे राहायला गेले. पुडीत दोन कपांपुरती पानं अजून आहेत.