तबकडीवरचा डाग

माळा आवरताना फ्रिसबीची पांढरी तबकडी हाती आली. तिच्या कडेवर तपकिरी डाग होता. तापल्या लोखंडासारखा रक्ताचा वास आठवला आणि भिलाईच्या सेक्टर ६ मधले मैदान डोळ्यांपुढे उघडले.

फ्रिसबीच्या सामन्याचा शेवटचा गुण होता. तरंगत्या तबकडीवर मी झेपावले, तेव्हा वाटेत समोरच्या संघातला माझा धाकटा भाऊ नीलेश स्पष्ट दिसत होता. मी थांबले नाही. माझे कोपर त्याच्या नाकावर आदळले. हाड कडकन वाजले. तो कोसळला आणि मी तबकडी छातीशी धरून ओरडले, "जिंकलो!"

या खेळात पंच नसतो. ज्याला लागले त्याने फाउल सांगायचा, करणाऱ्याने कबूल करायचा. सगळे नीलेशकडे वळले. रक्ताने भरलेली ओंजळ सावरत तो म्हणाला, "मले काय पाहून राहिले? ताईले विचारा ना!"

त्या प्रहाराचा आनंद अजून माझ्या अंगात सळसळत होता. "फाउल माझाच," मी म्हणाले. गुण गेला, सामनाही गेला. "पण तू दिसला नाहीस रे."

"झूठी!" लाल दातांनी तो हसला. "मले पण तू दिसली होती. मी कशाले हटतो?"

तेव्हा मी शरमेने मान खाली घातली. आज वाटते, इतके निर्मळ भांडण आम्हांला पुन्हा कधी जमले नाही.