बारीक जाळ्याचं अस्तर

माझी थोरली आत्या जाळी शिवते. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली, तेव्हापासून पुढच्या खोलीत खिडकीच्या गजाला जाळं बांधून तिचं काम चालतं. हात जाळ्यात, तोंड जगाच्या उठाठेवीत. मजुरीवरून कुणी घासाघीस केली की म्हणते, "मग जा, टोपीनं पकड मासे!"

आमच्या समोरच्या किनाऱ्यावर दुसरा देश आहे. मासा मात्र एकच. तिकडे जन्मतो, इकडे येऊन वाढतो. म्हणून दोन्ही सरकारांनी मिळून ठरवलं की जाळ्याच्या भोकातून दोन बोटं सहज जायला हवीत, म्हणजे पिल्लं निसटतील. शेंबड्या पोरालाही कळेल अशी गोष्ट. आमच्या शहाण्यांना कळेल तर शपथ!

या मोसमात माझे वडीलच बारीक जाळ्याचा तुकडा घेऊन आले.

"ताई, हे आतून अस्तरासारखं शिव. तपासणीवाल्यांना वरून दिसायचं नाही."

"आणि पिल्लं?"

"पलीकडचे ओरबाडून नेतात. आपणच काय साधुसंत व्हायचं?"

"मी नाही शिवणार."

"मग दुसरं घर बघ."

सख्ख्या थोरल्या बहिणीला! मला इतका संताप आला की वडिलांशी मी अजून धड बोललेलो नाही. वर शेजारी म्हणतात, ताईंनी जरा समजून घ्यायला हवं होतं. काय समजून घ्यायचं? उद्याचं समुद्रातलं आज चोरायचं, हे?

धाकटी आत्या पलीकडे दिलेली. थोरलीला घेऊन मी बोटीनं तिच्याकडे गेलो. दारातच आतोबांनी हसून स्वागत केलं.

"बरं झालं आलात, ताई. हिला हल्ली बारीक शिवण दिसत नाही. जाळ्याला आतून एवढं अस्तर लावून द्याल?"

त्यांच्या हातात तसलाच तुकडा होता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कशाला हो?" आत्यानं विचारलं.

"अहो, पलीकडचे समुद्र खरवडून नेतात. त्यांच्यासाठी आपण पिल्लं सोडायची?"

आत्याच्या हातातली पिशवी अजून हातातच होती.

"भाऊजी, पलीकडची म्हणजे मीच. हेच शिवलं नाही म्हणून भावानं घराबाहेर काढलंय मला."

आतोबा मोठ्यानं हसले. त्यांना वाटलं, ती थट्टा करतेय.