वास्तू तथास्तु म्हणते

पनवेलला माझं झेरॉक्सचं दुकान आहे. उरणचे एक गृहस्थ जाडजूड फाइल बाइंडिंगला आणत. नाव मी कधी विचारलं नाही. समुद्रात तेलविहीर खोदण्याआधी काय काय बिघडू शकतं आणि तेव्हा माणसं कशी वाचवायची, हे लिहून मंजूर करून घ्यावं लागतं. ते लिहिणं ही त्यांची नोकरी. बाइंडिंगआधी ते एकेका ओळीवर अंगठा सरकवत, ओठ हलवत सगळं पुन्हा वाचत. मागे गिऱ्हाइकं खोळंबली तरी त्यांना फिकीर नसे.

एकदा माझी नजर पानावर गेली. इंग्रजी होतं, पण कळलं. गॅस गळला तर, आग लागली तर, बोट पोचली नाही तर. मला राहवलं नाही. "किती अभद्र लिहिता साहेब! वास्तू तथास्तु म्हणते."

"म्हणू दे की," ते हसले. "तुमी 'आग लागली तर' इथंच थांबता, म्हणून ते अभद्र. मी पुढचं पन लिहितो. मग खुशाल तथास्तु म्हणू दे."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "नाय सर, एका 'तर'चं उत्तर अजून नाय मिळालं. आज फाइल देनार नाय." बाइंडिंग न करताच ती काखेत मारून ते निघून गेले.

त्या दिवशी जेवताना मी बायकोला म्हणालो, "माझ्या छातीत पुन्हा कळ आली तर..."

"अभद्र बोलू नका."

महिनाभर मी याच 'तर'पाशी थांबत होतो. या वेळी, कळ आली तर काय करायचं ते लिहिलेली डॉक्टरांची चिठ्ठी खिशातून काढून तिच्या ताटाशेजारी ठेवली.